गुळगुळीत बिल्ला

"पण बाबा, नावच नाही, तर हा बिल्ला माझा कशावरून?"

गुरलिंगशेठ तेलाचे व्यापारी. फकीर लतीफबाबांच्या तकियात, त्यांच्यासमोर बसले होते खरे, पण बसणं असं, की जणू बाबाच त्यांच्या दुकानी आलेत.

लढाईपायी सुटे पैसे बाजारातून पार नाहीसे झाले, तेव्हा शेठनी तांबटाकडून आपल्या नावाचे तांब्याचे बिल्ले ठोकून घेतले. मोड म्हणून द्यायचे, कुणी परत आणले की तेल मोजून घालायचं. बघता बघता अख्ख्या पेठेत तेच चालू लागले. शेठची मान त्या दिवसापासून जरा ताठच झाली.

आज सकाळी मात्र एका म्हातारीचा बिल्ला त्यांनी परत लोटला. झिजून गुळगुळीत झालेला. म्हातारी तो पायरीवरच टाकून निघून गेली, आणि पेठेत कुजबुज सुरू झाली. उद्या बाजार. सगळेच आपापले बिल्ले घेऊन दारात उभे राहिले तर...

शेठनी पायरीवरून उचलून आणलेला तो बिल्ला समोरच पडला होता. बाबांनी तो उचलला.

"तुझा एक नवा दे."

शेठनी नवाकोरा, झळझळीत बिल्ला काढून दिला.

बोरं विकणारी कोंडाबाई वाटेनं चालली होती. बाबांनी हाक मारली, नवा बिल्ला पुढं केला.

तिनं तो उलटा केला, सुलटा केला, दाताखाली धरून पाहिला.

"हा नको, बाबा. लई चकाकतोय. कुणी ठोकलाय कुणास ठाऊक!"

"अगं, नाव बघ की! माझंच आहे!" शेठ उसळले.

"नावाचं काय हो शेठ, ठोकलं की उमटतं."

बाबांनी गुळगुळीत बिल्ला पुढं केला. तिनं तो नुसता बोटांनी चाचपला, कनवटीला खोचला आणि बाबांच्या ओंजळीत बोरं ओतली.

"हा माझ्या हातून कितींदा गेलाय! सांजेला येते तेलाला, शेठ. घालाल ना?"

शेठनी तिच्या कनवटीकडं पाहिलं.

"ये," अखेर ते म्हणाले.

कोंडाबाई गेली. शेठ कितीतरी वेळ नव्या बिल्ल्यावरचं नाव अंगठ्यानं चोळत राहिले.

"बाबा... मग त्या जुन्यावरचं माझं नाव गेलं कुठं?"

त्याच बिल्ल्यावर मिळालेल्या बोरांची ओंजळ बाबांनी पुढं केली.

"बोर खा, शेठ."