भिवसनची कोतवालकी

एसटी जिथून माघारी वळते, त्या नागझरवाडीत भिवसन नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हे त्याला गावातल्या मोठ्या माणसांनी ठेवलेलं नाव. ज्याच्याकडून फुकटात काम करून घ्यायचं त्याला ही माणसं भोळा म्हणतात, आणि काम बिघडलं की मूर्ख म्हणतात. भिवसनला दोन्ही नावं चालायची.

त्याचं एक होतं. सांगितलेलं तो विसरायचा नाही. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

दरवर्षी दिवाळी झाली की गावात ऊसतोडीचा ट्रक यायचा. भिवसन आणि त्याची बायको मुद्रिका त्यात बसून कारखान्यावर जायची. चौथीतली पोरगी दीक्षा शाळा सोडून त्यांच्याबरोबर. अर्धं वर्ष फडात काढून परत यायची तेव्हा तिचे पाढे बारावर अडकलेले असायचे.

यंदा गावचा जुना कोतवाल निवृत्त झाला आणि जागा निघाली. अट एवढीच, की माणूस चौथी पास हवा आणि त्याने तहसीलला जाऊन पन्नास प्रश्नांचा पेपर द्यायचा. मुद्रिका म्हणाली, "अहो, हा पेपर पास व्हा. झालात तर पोर शाळेत राहील. नाही झालात तर ट्रक आहेच."

भिवसनने ते पाठ केलं.

भिवसनचे चुलते दादाराव, म्हणजे तात्या, त्यांनाही ही गोष्ट पटली. घरात कोतवाल असला की तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. त्यांनी भिवसनला धरून लोमटे गुरुजींकडे नेलं. गुरुजींनी पस्तीस वर्षं गावच्या शाळेत काढली होती. 'का' असं विचारणाऱ्याच्या हातावर त्यांची छडी बसायची. त्यामुळे पस्तीस वर्षांत गावात 'का' विचारणारं कोणी उरलं नव्हतं. फी नको म्हणाले गुरुजी. फक्त रोज सकाळी म्हशीचं तेवढं बघायचं.

कोतवालाच्या पेपरात 'किती प्रकारे' आणि 'शक्यता किती' असे प्रश्न फार असतात, असं गुरुजींनी कुठंतरी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

"तीन सदरे आहेत आणि दोन विजारी. प्रत्येक सदऱ्यावर दोन्ही विजारी चालतात. तर पोशाख किती? तीन दुणे सहा. गुणायचं. आणि हे नुसतं घोकू नकोस, घरी जाऊन वापर."

सहा पोशाख झाले तरी ते एका वेळी एकालाच घालता येतात, हे गुरुजींनी सांगितलं नाही. त्यांची झोपायची वेळ झाली होती.

गुणायचं, गुणायचं, असं म्हणत भिवसन घरी आला.

बुधवारी मुद्रिकाच्या माहेरची बारा माणसं तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं बोलायला येणार होती. मुद्रिकाला त्या दिवशी खुरपायला जायचं होतं. जाताना तिने नवऱ्याला सांगितलं की दुपारपर्यंत बारा जणांचं जेवण करून ठेवा. भिवसनला स्वयंपाक चांगला यायचा. त्याने वांग्याची, मेथीची, बटाट्याची अशा तीन भाज्या केल्या आणि चौथं पिठलं. चारही एकेक वाटी. मग एक ज्वारीची भाकरी भाजली, एक बाजरीची भाकरी भाजली आणि एक गव्हाची पोळी लाटली. चार त्रिक बारा. बारा जेवणं तयार झाली. हात धुऊन तो ओट्यावर बसला.

पाहुणे आले, पंगत बसली. तिसऱ्या पाहुण्यापर्यंत सगळं ठीक चाललं. तिसरे म्हणजे तात्याच होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण पंगत दिसली की ते बसायचे. त्यांनी पोळी संपवली, आणखी एक मागितली, आणि तेव्हा सगळ्यांना हिशेब कळला.

मुद्रिकाच्या माहेरची माणसं न जेवता गेली. पोट भरलेले तात्या तेवढे ओरडायला मागे राहिले. "अरे गाढवा, जेवणं काय गुणून वाढतात? एकात एक मिळवला की दोन, दोनात एक मिळवला की तीन. मिळवत जायचं."

"गुणायचं नाही?"

"गुणायचं नाव काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनीही मान हलवली. म्हणाले, तात्यांचं बरोबर आहे. तालुक्याला तीन एसट्या जातात आणि दोन जीपा, तर जायचे प्रकार किती? तीन आणि दोन पाच. मिळवायचं. कारण माणूस एसटीने तरी जाईल नाहीतर जीपने तरी, दोन्हीत बसणार नाही. मग दोन्ही गोष्टी एकदम घ्यायच्या असतील तिथे काय करायचं? ते सांगायचं राहिलं. चहा आला होता.

मिळवायचं, मिळवायचं, असं म्हणत भिवसन परत आला.

तात्यांना मिरची लावायची होती. त्यांनी भिवसनला पिशवी दिली आणि बारा कोसांवरच्या रोपवाटिकेत पाठवलं. सहा वाफे आहेत, प्रत्येक वाफ्यात आठ रोपं लावायची, मोजून आण, असं सांगितलं. भिवसन दिवस मावळायच्या सुमाराला परतला. पिशवीत आठ रोपं होती.

तात्यांनी पिशवी उलटी करून झटकली. बाकीची कुठं आहेत, विचारलं.

"सहा वाफे आणि आठ रोपं, चौदा झाले," भिवसन म्हणाला. "त्यातले सहा वाफे शेतातच आहेत. म्हणून आठच आणली."

तात्या बराच वेळ बोलले. त्यातलं काही लिहिण्यासारखं नाही. त्यात पाठ करण्यासारखंही काही नव्हतं, म्हणून भिवसन पुढचा धडा घ्यायला गुरुजींकडे गेला.

गुरुजी म्हणाले, बेरीज-गुणाकार तू राहू दे, आज जोड्या शिकू. आंबा, पेरू आणि चिकू यांतली दोन फळं घ्यायची. आंबा-पेरू, पेरू-चिकू, आंबा-चिकू. जोड्या तीन. भिवसनने विचारलं, पेरू-आंबा राहिलं की. गुरुजी म्हणाले, आधी आंबा घे नाहीतर आधी पेरू घे, पिशवीत तेच येणार. "क्रमाला महत्त्व नसतं, एवढं डोक्यात ठेव." फळांच्या पिशवीत नसतं, असं त्यांनी म्हणायला हवं होतं. ते नुसतं नसतं म्हणाले.

क्रमाला महत्त्व नसतं, असं म्हणत भिवसन झोपला आणि तसंच म्हणत उठला.

सकाळी गुरुजींना अंघोळीची घाई होती. त्यांनी न्हाणीतूनच काम सांगितलं. बादली धू, म्हशीची धार काढ, मग रेडकू सोड. तीन कामं. भिवसनने आधी रेडकू सोडलं, कारण ते जवळ होतं. रेडकाने पोटभर पिऊन शेपूट हलवली. मग त्याने धार काढली. कपभर दूध निघालं. मग त्याने बादली धुतली. कपभर दूध बादलीतच होतं.

गुरुजी टॉवेल गुंडाळून चहाला आले. चहा काळा होता.

"मी काय सांगितलं होतं?"

"तीन कामं. तिन्ही झाली."

"अरे, कुठलं आधी, कुठलं नंतर?"

"क्रमाला महत्त्व नसतं, गुरुजी."

गुरुजींना स्वतःचंच वाक्य ओळखू आलं नाही. पस्तीस वर्षांत ते त्यांना कोणी परत ऐकवलं नव्हतं. ते म्हणाले, जोड्या बंद, आता शक्यता घेऊ. त्यात तुला बिघडवता येईल असं काही नाही.

त्यांनी खिशातून एक रुपयाचं नाणं काढून उडवलं. छापा पडेल किंवा काटा पडेल. दोनच गोष्टी होऊ शकतात, म्हणून प्रत्येकीची शक्यता निम्मी. दोन्ही सारख्याच सहजतेने पडतात म्हणून निम्मी, हा त्या वाक्याचा मधला तुकडा. तो गुरुजींना त्यांच्या मास्तरांनीही सांगितला नव्हता.

दोन गोष्टी असल्या की निम्मी शक्यता, असं म्हणत भिवसन निघाला.

वाटेत तात्यांचं शेत लागायचं. सोयाबीन काढून खळ्यावर ढीग घातला होता आणि डोंगराच्या बाजूने आभाळ काळं झालं होतं. तात्यांना कीर्तनाला जायचं होतं. ताडपत्री भिवसनच्या अंगावर टाकून त्यांनी सांगितलं, पाऊस आला तर सोयाबीन जाईल, झाकून ठेव.

भिवसन उभा राहून विचार करू लागला. पाऊस पडेल, किंवा पडणार नाही. दोनच गोष्टी. म्हणजे निम्मी शक्यता. त्याने दोरी घेऊन ढीग मोजला, मधोमध काठी रोवली, आणि काठीच्या अलीकडचं निम्मं सोयाबीन नीट झाकलं. कडेला दगडही ठेवले. काम चोख होतं.

पाऊस मात्र सगळा पडला.

चार दिवसांनी काठीच्या पलीकडच्या सोयाबीनला मोड आले. तात्यांनी या वेळी आवाज चढवला नाही. आधीच्या ओरडण्याने घसा गेला होता. ते भिवसनच्या कानाशी येऊन म्हणाले, "यापुढं एक ध्यानात ठेव. झाकायचं तर सगळं झाकायचं. काहीही उघडं ठेवायचं नाही."

परीक्षा दोन दिवसांवर आली होती. भिवसनने ही शिकवण गुरुजींना सांगितली, आणि गुरुजी एकदम खूश झाले. म्हणाले, तात्या शाळेत गेले नाहीत, पण गणित बरोबर बोलले. फाशाला सहा बाजू असतात. तू एक आकडा धरलास, तर जिंकायची शक्यता सहात एक. दोन धरलेस तर सहात दोन. सगळे सहा धरलेस, तर? "सहात सहा. म्हणजे एक. याला म्हणतात खात्रीची घटना. सगळ्या शक्यता घेतल्या की चुकायला जागाच उरत नाही."

मग त्यांनी पेपर कसा असतो ते सांगितलं. एका प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असतात. त्यातलं एक बरोबर असतं. उत्तरापुढचा गोल काळ्या पेनाने पूर्ण भरायचा. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा घाबरायचं नाही. कोरं काही सोडायचं नाही.

भिवसनने सगळं पाठ केलं. झाकायचं तर सगळं. चुकायला जागा नाही. कोरं काही नाही.

परीक्षेला त्याने धुतलेला सदरा घातला. मुद्रिकाने खिशात दोन पेनं ठेवली. दीक्षा थांब्यापर्यंत सोडायला आली. पास झालात का, असं ती एसटी सुटायच्या आधीच विचारत होती.

वर्गात पेपर मिळाला. पहिलाच प्रश्न होता: चार सदरे आणि तीन विजारी, तर पोशाख किती? भिवसनला हसू आलं. बारा. त्याला हे येत होतं. दुसरा प्रश्नही येत होता. नाणं दोनदा उडवलं तर किती प्रकारे पडेल, त्याने बोटांवर मोजलं, चार. इतके दिवस चुका करता करता त्याला बरंच काही यायला लागलं होतं, आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याचं पेन बाराच्या गोलावर टेकलंसुद्धा.

मग तो थांबला. आपल्याला वाटतंय बारा. पण आपलं काय खरं? आपल्याला तर रोपं आणि वाफे यांतलं कळत नाही, असं सगळं गाव म्हणतं. मोठ्या माणसांनी सांगितलेलं सोडून स्वतःच्या डोक्याने उत्तर द्यायचं, हे त्याला कुठल्याच धड्यात शिकवलेलं नव्हतं.

त्याने पहिल्या प्रश्नापासून गोल भरायला सुरुवात केली. दोन तास त्याने मान वर केली नाही. घंटा झाली तेव्हा शेवटचा गोल नुकताच भरून झाला होता.

संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर सगळे वाट बघत बसले होते. गुरुजी, तात्या, आणि खांबापाशी दीक्षाला घेऊन मुद्रिका. भिवसन आला तो हसतच आला.

"कसा गेला?" गुरुजींनी विचारलं.

"पन्नासच्या पन्नास बरोबर. एकही चुकणं शक्य नाही."

गुरुजींनी डोळे मिटले आणि उघडले. मग ते तात्यांना सांगू लागले की पोराच्या डोक्यात काही नव्हतं, शिकवणारा हवा होता, तो मिळाला. तात्या म्हणाले, सोयाबीन गेलं ते वाया गेलं नाही, अक्कल मी दिली. त्यावर गुरुजी म्हणाले, अक्कल एकीकडे आणि गणित एकीकडे. कोतवाल कोणी घडवला यावरून दोघांची थोडी जुंपलीच. सत्काराला आधी कोणी बोलायचं, इथपर्यंत ते पोचले.

मुद्रिका नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. तो मनगटापर्यंत काळा झाला होता. तिने त्याच्या खिशातली पेनं काढून कागदाच्या तुकड्यावर ओढून पाहिली. एक कोरडं होतं. दुसरंही कोरडं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पन्नास गोलांना दोन पेनं संपली?"

"पन्नास कुठले? दोनशे. पन्नास चोक दोनशे, इथे गुणायचं असतं."

गुरुजींनी तात्यांकडे बोट दाखवलं, तात्यांनी गुरुजींकडे.

"म्हणजे पन्नास बरोबर," मुद्रिका म्हणाली. "आणि चुकले किती?"

भिवसनने वर बघून वजाबाकी केली. ती त्याला चांगली यायची.

"दीडशे. पण तू काळजी करू नको, चुकलेल्याचे गुण कापत नाहीत. गुरुजींनीच सांगितलंय."