दुरून नमस्कार

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांना माणसांनी अजून नावं ठेवली नव्हती, ना या अर्थानं ना त्या, तेव्हाची.

अशाच एका बिननावाच्या डोंगरावर एका सकाळी एका नव्या सुनेनं हाक मारली आणि तिला ओ मिळाली नाही. एवढंसंच झालं, पण सगळं बिनसलं ते तिथून.

ती आणि तिचा नवरा सपाटीच्या मुलखातून इथं राहायला आले होते. नवरा बुरूड. तिकडं बांबू मिळवायला दोन दिवसांची पायपीट, इथं तो परसातच उभा. चार दिवसांत त्यानं झोपडी उभारली, आणि पाचव्या दिवशी सुपं-टोपल्या डोक्यावर घेऊन तो वाड्यावस्त्यांवर विकायला गेला.

त्याच सकाळी हिची चूल विझली. दरीपलीकडच्या डोंगरसोंडेवर एका म्हातारीचं घर होतं. म्हातारी अंगणात नाचणी पाखडताना स्पष्ट दिसत होती. चिमूटभर विस्तव मागायचा, त्यात काय एवढं! हिनं पदर सावरला, घसा साफ केला आणि हाक मारली, "आजीऽऽ!"

"जीऽऽ!" समोरचा कडा म्हणाला. ती दचकून एक पाऊल मागं सरली.

म्हातारीनं मान वर केली. सूप खाली ठेवलं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि पुन्हा पाखडायला लागली.

सपाटीवर असे कुणी लांबून हात जोडले, की त्याचा अर्थ एकच. बाई, तुला दुरूनच नमस्कार. तू तिकडे बरी, आम्ही इकडे बरे.

तिनं पुन्हा हाक मारली नाही. तिच्या माहेरी दुसरी हाक म्हणजे भांडणाची, आणि तिसरी हाक घराला आग लागली तरच. चांगल्या घरच्या मुलीनं एकदाच हाक मारावी, हळू मारावी, ओ आली नाही तर काय ते समजून घ्यावं. तिनं समजून घेतलं. गारगोट्या घासून बोटं सोलवटली, तेव्हा कुठं चूल पेटली.

पुढंही तसंच होत राहिलं. वरच्या सोंडेवरचा धनगर असो, खालची मधवाली असो, हिनं हाक मारली की हात जोडायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

"तुम्हाला सगळे ओ देतात," ती नवऱ्याला म्हणाली. "मलाच कुणी देत नाही."

"तू पुटपुटतेस, आणि वर म्हणतेस हाक मारली. जरा मोठ्यानं मार की!"

तिनं मोठ्यानं मारून पाहिली, एकदाच. कडा मोठ्यानं ओरडला, आणि म्हातारीनं त्या दिवशी कमरेत वाकून नमस्कार घातला. झालं! तिला वाटलं, आता तर अगदी साष्टांग निरोप दिला.

माणसं बोलेनात, तेव्हा ती डोंगराकडे वळली. तशी ती भित्री. उंबर टपकलं तरी तिची छाती धडधडे. सरडा दिसला की ती थांबे, आणि ती थांबली म्हणून सरडाही थांबे, मग दोघं बराच वेळ एकमेकांना घाबरत उभे राहत. तरी ती रोज थोडी पुढं जाई. आधी नुसतं अंगणाच्या कडेपर्यंत, मग झऱ्यापर्यंत, मग करवंदीच्या जाळीपर्यंत. जिथवर पोचे, तिथल्या फांदीला बांबूच्या हिरव्या पानांची गाठ बांधून ठेवी, म्हणजे परत येताना वाट चुकायला नको.

सोबतीला एकच जीव होता. म्हातारीची ठिपकी शेळी. ती पहिल्या दिवसापासून हिच्या मागं मागं हिंडे.

हळूहळू कुठल्या दगडाखाली पाणी गार असतं ते तिला कळू लागलं. वारा आला की गवताचा उतार कसा पांढरा होतो आणि गेला की पुन्हा हिरवा, हे पाहत ती तासन् तास बसू लागली. डोंगर तिला आवडू लागला होता, आणि तीच तर पंचाईत होती. जागेनं जवळ घ्यावं आणि माणसांनी दूर लोटावं, तर राहायचं कसं?

दोन महिन्यांनी तिनं मनाशी ठरवलं. उद्या नवरा फेरीवरून परत आला की सांगायचं, मोडा ही झोपडी, आपण आपल्या सपाटीवर जाऊ. ठरवलं आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, जाण्याआधी एकदा वरचं पठार तरी बघून घेऊ.

दुपारी ती वर पोचली. पठारभर निळी फुलं होती, आणि खाली तिची झोपडी सुगरणीच्या खोप्याएवढी दिसत होती. ती पाहतच राहिली. इतकी, की दरीतून धुकं वर आलेलं तिला कळलंच नाही. आधी झोपडी गेली, मग झाडं गेली, मग स्वतःचे पाय दिसेनासे झाले.

वर येताना जिथं गाठ बांधली होती, त्या फांदीकडे ती चाचपडत गेली. फांदीला गाठ नव्हती. मागच्या झाडालाही नव्हती.

"काय हुडकतेस?" शेळी म्हणाली.

ती केवढ्यानं दचकली! शेळी बोलली म्हणून नव्हे, त्या काळी शेळ्या बोलतच असत. एकदम कानाशी बोलली म्हणून.

"माझ्या खुणा. पानांच्या गाठी बांधल्या होत्या."

शेळीचं रवंथ थांबलं. "त्या खुणा होत्या?"

"मग काय होत्या?"

"मला वाटलं, माझ्यासाठी बांधतेस. रोज एक. मी म्हटलं, परकी आहे, पण पाहुणचार जाणते."

हिनं तिथंच बसकण मारली. कडा चार पावलांवर होता, पण कुठल्या बाजूला ते आता कोण सांगणार? एक पाऊल चुकलं की संपलं.

"रडतेस काय? हाक मार," शेळी म्हणाली. "म्हातारी मला शोधत इथंच कुठंतरी आली असणार. माझी धार काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही."

"ती नाही ओ देणार. तिनं पहिल्याच दिवशी मला दुरून नमस्कार केलाय."

"तुला?" शेळी फुरफुरून हसली. "तुला कशाला नमस्कार करेल? तू काय देव आहेस? डोंगराला केला तो. अगं, पहिली हाक डोंगराची, दुसरी वाऱ्याची, तिसरी माणसाची. पहिलीला हात जोडायचे, दुसरीला कान द्यायचा, तिसरीला ओ. हे कडे हाका परत फेकतात बाई. एका हाकेवर धावत सुटलं तर माणूस हाकेकडे जाण्याऐवजी कड्यावरून खाली जायचा. माझ्या करडालासुद्धा ठाऊक आहे."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"नाकानं श्वास घ्यायचा, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"मग माझ्या घरी कुणी आलं का नाही?"

"तू बोलावलंस कुठं? तुझा नवरा बघ. 'सुपंऽ, टोपल्याऽ, रोवळ्याऽ!' त्याच्याही नकळत तीन होतात."

ती उठून उभी राहिली. शेळीच्या शिंगाला एका हातानं धरलं आणि हाक मारली, "आजीऽऽ!"

"जीऽऽ!" कडा म्हणाला. धुक्यात कुठंतरी दोन सुरकुतलेले हात जुळले असतील, असं मनात आलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं.

दुसऱ्या हाकेला तिनं तोंड उघडलं. डोळ्यांपुढं आई आली. काय गं ही भांडखोरासारखी पुन्हा पुन्हा हाक! तिनं डोळे गच्च मिटले. "आजीऽऽ!"

वारा आला आणि हाक घेऊन गेला.

आता तिसरी. ती काही केल्या निघेना. तिसरी हाक घराला आग लागली तरच, जन्मभर हेच ऐकलेलं. पण तिला झरा आठवला, करवंदीची जाळी आठवली, चार दिवसांत उभारलेली झोपडी आठवली. उद्या ती आपल्याच हातानं मोडायची होती. मग घराला आग लागणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

तिनं छातीभर श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली.

"आजीऽऽऽ!"

कडा बोलला, वारा बोलला, आणि मग सगळं गप्प झालं. शेळीनंही कान टवकारले.

"ओऽऽऽ!" अगदी जवळून आवाज आला, म्हातारा आणि खणखणीत. "हाय तिथंच उभी ऱ्हा, पोरी, आले मी! दोन महिने नुसत्या डोंगरालाच हाका मारत होतीस. आज आमची आठवण झाली व्हय गं!"

तर लहानांनो आणि थोरांनो, ओ मिळाली नाही म्हणून माणसं परकी ठरवू नयेत. आधी आपली हाक पुरी झाली का, ते पाहावं.