देवाला न करवणारी गोष्ट

फार फार मागची गोष्ट. लहानांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवून ऐका, कारण यातला मूर्खपणा सगळा थोरांचाच आहे.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथं काही ठरवायचं झालं की देवाला कौल लावत. पुजारी मूर्तीच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पेरणी कधी करायची, पोरगी कुठं द्यायची, सगळं पाकळीवर. स्वतःचं डोकं वापरायची गरजच उरली नव्हती म्हणा ना!

एके वर्षी वाघ गोठ्यातली गुरं उचलू लागला. पाटलानं कौल लावला, "येसूची सून पांढऱ्या पायाची. तिला गावाबाहेर घालवू का?" उजवी पाकळी पडली. झालं!

येसू म्हातारी. मुलगा लग्नाच्या वर्षातच वारलेला, सून भरल्या दिवसांची. वेशीबाहेर रान, रानात तोच वाघ. कौल ऐकला आणि येसूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच देवळात गेली.

"पाटील, माझ्या सुनेचा गुन्हा काय?"

"येसूबाई, देव सर्वशक्तिमान. मनाला येईल ते करील. त्याला कारण विचारणारी तू कोण टिकोजी लागून गेलीस?"

"मनाला येईल ते? मग खोटंही बोलेल?"

"बोलेल! त्याचा हात कोण धरणार?"

"मग आजचा कौल खरा कशावरून?"

माणसं एकमेकांकडं बघू लागली. पुजारी चाचरत म्हणाला, "नाही, नाही. देव खोटं नाही बोलायचा."

"आता कसं बोललात! म्हणजे खरेपणाला तो बांधलेला. मग मायेला का नाही? पोटुशी पोर वाघाच्या तोंडी देणं माझ्यासारख्या फाटक्या म्हातारीला करवत नाही. ज्यानं तिच्या पोटात जीव घातला, त्याला करवेल? देवाला माझ्याहून हलका ठरवताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

"कौल म्हणजे कौल!" पाटील गरजला.

"बरं तर. तुमची लेक बाळंतपणाला आली आहे ना? तिला घालवू का, विचारा देवाला. लावा पाकळ्या!"

"काहीतरीच काय!" पाटील ताडकन उठला. "देव असं कसं सांगेल? काही न्याय आहे की नाही त्याच्याकडं?"

बोलून गेला आणि जागीच थिजला.

पुजाऱ्यानं हातातल्या पाकळ्या खाली टाकल्या. "पाकळी पाणी सुकलं की पडते, बाबांनो," तो म्हणाला, "आळ मात्र देवावर जातो."

त्या दिवशी गावानं पहिल्यांदा डोकं वापरलं. गोठ्यांना काटेरी कुंपणं घातली, आळीपाळीनं राखण ठेवली. वाघ दुसऱ्या रानात गेला. येसूची सून आपल्याच घरात सुखरूप बाळंत झाली. आणि पाटील? त्याला मान वर करून येसूच्या दारावरून जाता येईना.

म्हणून सांगतो, देवाला सगळं करता येतं, पण अन्याय करवत नाही. म्हणूनच तो देव.