घोटभर पानी आनि साच्याची भाषा

एक म्हातारा तालुक्याच्या गावी दोन कॉम्प्युटर टाकून लोकांच्या वेबसाईटी बनवायचा. लोक त्याला तात्या म्हनायचे. त्याच्या हाताखाली रंगनाथ नावाचा चेला हुता. तिशीचा गडी, हुशार, पन हुशारी डोक्यात गेलेली.

एकदा कालव्याच्या पानीवापर संस्थेचं काम आलं. कुनाच्या रानाला कवा पानी सुटायचं, ती पाळी वेबसाईटवर लावायची. आजवर ती फळ्यावर खडूनं लिहायची शेवंतामावशी. सातवी पास, पन वीस वर्सांत एकाची पाळी चुकवली न्हाई. चेअरमन म्हनला, "मावशीला कॉम्प्युटरचं जमलं तर ठीक. न्हाईतर सोमवारपासनं दुसरा मानूस बसवतो." मावशीचं घर त्याच नोकरीवर चालायचं.

आता वेबसाईटला साचा लागतो. पान तेच ऱ्हातं, आतली नावं आनि वेळा तेवढ्या बदलत्यात. कालवा फुटला, पाळी रद्द झाली, तर सूचनेची वळ साच्यातच घालायला लागती. हे साचे लिहायच्या भाषा रग्गड हायत, आनि कंची घ्यायची ह्यावर शिकलेली मानसं बांधावरनं भावकी भांडती तशी भांडत्यात. रंगनाथनं सगळ्यात ताकदीची घेतली. अटी साच्यात, हिशेब साच्यात. बारा पानं केली आनि म्हनला, "बघा तात्या, ह्यात होत न्हाई असं कायबी न्हाई."

शुक्रवारी तात्यानं मावशीला बोलावलं, कॉम्प्युटरपुढं बसवलं, आनि रंगनाथच्या हातात पान्याचा तांब्या दिला.

"घोटभर तोंडात धर. गिळायचं न्हाई, थुकायचं न्हाई. मावशी, ह्या साच्यात सूचनेची एक वळ वाढव."

रंगनाथला वाटलं, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. पन गुरूपुढं बोलनार कोन. त्यानं घोट धरला.

मावशीनं चष्मा लावला. समोर अर्धं पान कंस आनि खुनांचं कोड. मधीच एका वळीवर एकला कंस पडल्याला दिसला. "ही घान कुनी केली?" म्हनत तिनं तो पुसून टाकला. पान कोरं झालं. रंगनाथ "मावशे, तो कंस" एवढंच म्हनला, आनि सगळं पानी टेबलावर.

"ही भाषा गेली," तात्या म्हनला. "टेबल पूस, नवा घोट धर आनि दुसरी काढ."

दुसरी दिसायला लय देखनी. कंस न्हाईत, खुना न्हाईत. वळ किती आत सरकवली, त्यावरनं कॉम्प्युटरला अर्थ कळायचा. ते बघून मावशीचा जीव वर-खाली व्हायला लागला. जल्मभर रजिस्टरात समासाला वळ लावून लिहिल्याली बाई ती. तिनं एकेक वळ मागं वडून समासाला लावली.

"आता कसं नीट दिसतंय," म्हनली.

रंगनाथचं डोळं पांढरं झालं. नाकातनं पानी आलं, मग सगळं शर्टावर.

मावशीनं हात मांडीवर घेतलं. "माजं चुकलं का? चेअरमनला सांगू नका तात्या."

"तुजं न्हाई चुकलं," तात्या म्हनला. "तिसरी काढ रं."

तिसरी भाषा रंगनाथला अगदीच गरीब वाटायची. साधं पान, आनि जितं नाव यायचं तितं महिरपी कंसात त्याची जागा. हिशेब सगळा मागं, दुसऱ्या फायलीत. मावशीनं बोट लावून वाचलं. "हितं शेतकऱ्याचं नाव येतंय. हितं वेळ. मग सूचना ह्याच्या खाली." कुनी हो म्हनलं न्हाई, न्हाई म्हनलं न्हाई. तिनं लिहिलं. पान उघडलं. सूचना जागेवर.

रंगनाथनं पानी गिळलं. "तात्या, पन ताकद?"

"ताकद मागच्या फायलीत दाखव, तितं कोन तुजा हात धरतंय? लेका, साचा तुज्यासाठी न्हाई. तू उद्या पुन्याला जाशील, मी मरंन. कालवा हितंच ऱ्हानार, आनि पाळी मावशीनंच लावायची. तू समजावून लय चांगलं सांगतोस, म्हनून पानी दिलं. तुज्या बोलन्यावर वाईट भाषा बी चालून जाती. तू गप बसल्यावर जी चालती, ती घ्यायची."

रंगनाथनं दोन दिवस बसून बारा पानं पुन्यांदा लिहिली. जागांची नावं इंग्रजीत हुती, ती काढून मावशीच्या शब्दांत घातली. पाळी, पान्याची चारी, गट नंबर.

सोमवारी वरनं पानी दोन तास उशिरा सुटलं. चेअरमन येऊन मावशीच्या खुर्चीमागं हुबा ऱ्हायला. मावशीनं वेळा बदलल्या, सूचना लावली, आनि मग चेअरमनला चहा सांगितला. चहा पिऊन तो गेला. दुसऱ्या मानसाचं नाव काढलं न्हाई.

हिकडं रंगनाथ दिवसभर फोन समोर ठिवून बसल्याला. मावशी बोलावंल, मग पळत जाऊ. फोन वाजलाच न्हाई.

सांजच्याला तात्यानं इचारलं, "वाईट वाटलं का रं?"

"थोडं वाटलं."

"वाटनारच," तात्या म्हनला आनि त्याच्या शेजारी येऊन बसला. "मला बी वाटायचं."

रंगनाथ फोन खिशात घालून म्हनला, "तात्या, मावशीचं अक्षर लय चांगलं हाय. फळा बी ऱ्हाऊ दे म्हनतो."