खिंडीतली घोडी

फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका राज्यात घोडी, घार आणि कासव एकाच खाडीवर लहानाची मोठी झाली. पुढे राजाने घोडीला डोंगरातली खिंड राखायला दिली, घारीला आभाळ आणि कासवाला समुद्र. घार दोघांकडेही जाऊन येई. घोडीला मात्र कासव पुन्हा दिसलंच नाही.

एके दिवशी घार धापा टाकत आली. "शत्रूची गलबतं आली गं! कासव एकटंच भिडलंय."

"मग मी निघाले," घोडी म्हणाली.

"खोल पाण्यात तू काय करणार? आणि खिंड कोण राखेल?"

घोडी जड मनाने मागे वळली. दुपारी शत्रूचे स्वार खिंडीत शिरले. घोडी जिवाच्या आकांताने खिंकाळली, तसे गावकरी धावून आले आणि स्वारांना पळता भुई थोडी झाली.

संध्याकाळी घार परतली. तिचे पंख ओले होते. "कासवाने सुकाणूंचे दोर तोडले, गलबतं भरकटली. सुखरूप आहे ते. विचारत होतं, घोडी कधी भेटेल?"

घोडीने ते ओले पंख हुंगले. खारट वास छातीत भरून घेतला.

"त्याला सांग, मला खिंड सोडता येत नाही. पण तू येत जा गं. तू आलीस की तेही थोडं येतं."