चौकोनी पाटीवरचे फूल

एका बाजारपेठेच्या गावात नरहरशेठ नावाचे भांड्यांचे व्यापारी राहत होते. माणूस सज्जन होता. तांबे तांबे म्हणून विकी आणि पितळ पितळ म्हणून. दोष एकच होता. खरेदी आपल्याइतकी कोणाला कळत नाही, असे त्यांना वाटे. त्यामुळे एकदा आणलेली वस्तू दुकानात परत करायला जाणे म्हणजे भर पंक्तीतून उठवले जाणे, अशी त्यांची समजूत होती. परिणामी त्यांच्या घरात तीनच पाय टेकणारे टेबल, वारा न देणारा कूलर आणि कोणालाच न होणारे स्वेटर सुखाने नांदत होते. कोणी काही बोललेच, तर शेठ सांगत, "वस्तू उत्तम आहे. वापरता यायला हवी."

शेठांची मुलगी कांचन हिचे लग्न ठरले. मुलगा शहरातला होता आणि घर पाचव्या मजल्यावर. रुखवतात काय काय मांडायचे, याची चर्चा सुरू झाली. तेव्हा कांचन म्हणाली, "मला दुसरं काही नको. आईची रांगोळी हवी."

तिची आई वत्सलाबाई रोज सकाळी दारात एकच रांगोळी घालीत असत, सहा पाकळ्यांचे फूल. गल्लीत ते फूल सगळ्यांच्या ओळखीचे होते. पण त्या वर्षी बाईंचे गुडघे रुसले. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली, आणि दार मोकळे राहू लागले.

कांचनने मैत्रिणीकडे एक प्रकार पाहिला होता. बारीक नळीचे तुकडे करावेत तसे पोकळ, रंगीत प्लॅस्टिकचे मणी. ते बारीक खुंट्यांच्या पाटीवर एकेक करून बसवायचे. वर बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवायची. मणी वितळून एकमेकांना चिकटतात आणि अख्खे चित्र उचलून घेता येते. "आई, तू खुर्चीवर बसून टेबलावर घाल," कांचन म्हणाली. "मी ती माझ्या दारात ठेवीन. पुसलीही जाणार नाही."

वत्सलाबाईंनी लगेच चष्मा शोधायला घेतला.

"सामान मी आणतो," शेठ म्हणाले.

"अहो, पाटी घेताना एवढं बघा, माझे ठिपके असतात ना, ते..."

"अगं, पाटी ती पाटी. खुंट्या असल्या म्हणजे झालं." शेठांच्या पायात तोवर चपला गेल्या होत्या. बाईंचे वाक्य स्वयंपाकघरातच राहिले.

शहरातल्या दुकानात पाट्यांची रास होती. गोल, चांदणीची, सहा कोनांची, चौकोनी. दुकानदाराने विचारले, "केवढी देऊ?"

"सगळ्यात मोठी," शेठ म्हणाले. रुखवत मांडवाच्या दारातून दिसले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. सहा कोनांची पाटी त्यांनी हातात घेऊन पाहिली. तिच्या खुंट्या एकीखाली एक नव्हत्या, तिरक्या सरकलेल्या होत्या. "हिच्या ओळीसुद्धा धड नाहीत," असे म्हणून त्यांनी ती खाली ठेवली आणि एकमेकांत अडकणाऱ्या चार चौकोनी पाट्या घेतल्या.

मणी मात्र त्यांनी एकाच कंपनीचे आणि एकाच मापाचे घेतले. वेगवेगळ्या कंपन्यांचे मणी एकत्र केले तर काही आधीच वितळतात आणि काही ताठ राहतात, असे दुकानदाराने सांगितले. शेठांना ते ताबडतोब पटले. त्यांचे भाऊबंद तसेच होते.

चारही पाट्या मांडीवर घेऊन शेठ एसटीने घरी आले. वत्सलाबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी मधला मणी बसवला. आडव्या दोन पाकळ्या झाल्या. तिरक्या पाकळ्या काही होईनात. एक बारीक झाली, तर दुसरी सुजल्यासारखी दिसू लागली.

"अहो, ही सरळ ठिपक्यांची पाटी आहे," बाई म्हणाल्या. "माझी रांगोळी पंधरा ते आठ, मधल्या ठिपक्यांची. खालचा ठिपका वरच्या दोघांच्या मध्ये येतो. तेव्हा कुठे सहा पाकळ्या बसतात."

शेठांना कळले नाही असे नव्हे. कळले, म्हणूनच त्यांचा आवाज चढला. "मग चार पाकळ्या कर! मोजायला कोण येतंय? जागा उरली तर बाजूने वेल सोड."

बाईंनी मण्यांची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "तुम्हीच करा. पाटी तुमची, फूलही तुमचंच."

कांचनने आईकडे पाहिले आणि बापाकडे पाहिले. लग्न तोंडावर आले होते. घरात भांडण नको, म्हणून ती म्हणाली, "राहू दे आई. हेही छान दिसेल." आणि चार पाकळ्यांचे फूल तिने स्वतःच बसवून टाकले. कुठला रंग कुठे, हे मात्र तिने आईला एकदाही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी शेठांनी इस्त्री तापत ठेवली. "ही मी फिरवणार," त्यांनी जाहीर केले. तेवढ्यात शेजारच्या पिसेकाकू पातेले परत द्यायला आल्या. त्या बाई वत्सलाबाईंच्या रांगोळीला वळसा घालून या घरात येत-जात म्हाताऱ्या झाल्या होत्या. शेठांना हुरूप आला. त्यांनी बटर पेपर उचलला आणि विचारले, "काकू, ओळखा बघू, ही कोणाची रांगोळी?"

काकूंनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. "रांगोळी होय? मला वाटलं, आपल्या पतसंस्थेची खूण. पासबुकावर असते ना, अगदी तश्शी."

वत्सलाबाईंना ठसका लागला. कांचनलाही हसू फुटले. पण ते अर्ध्यातच विरले आणि ती आत निघून गेली. काहीतरी बिघडले, हे काकूंच्या ध्यानात आले. "नाही म्हणजे, छानच आहे हो," त्या म्हणाल्या. "पतसंस्थाही चांगली आहे." आणि पातेले ठेवून त्या सटकल्या.

शेठ हातात इस्त्री घेऊन उभे राहिले. मणी अजून सुटे होते. पाटी उलटी केली तर पुन्हा डब्यात जातील. पण एकदा इस्त्री फिरली, की ही पतसंस्था लेकीच्या दारात कायमची बसणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला लेक सांगणार, ही माझ्या आईची रांगोळी. खरे नसले तरी सांगणार, कारण बापाने पाटी शहरातून मांडीवरून आणली होती.

शेठांनी इस्त्रीचे बटण बंद केले.

"कांचन, इकडे ये. हे मणी काढ आणि रंग निवडून डब्यात ठेव."

"का बाबा?"

आता जे वाक्य उच्चारायचे होते, ते शेठांच्या तोंडातून जन्मात बाहेर पडले नव्हते. त्यांनी घसा साफ केला. "पाटी चुकली," ते म्हणाले. आभाळ कोसळले नाही, असे पाहून त्यांनी पुढचेही सांगून टाकले. "म्हणजे, माझी चुकली." मग ते बायकोकडे वळले. "अगं, त्या दिवशी स्वयंपाकघरातून काय सांगत होतीस? ते आता पुरतं सांग."

बाईंनी पुरते सांगितले. शेठांनी चपला न घालता पुरते ऐकले.

चारही पाट्या घेऊन ते पुन्हा शहरात गेले. दुकानात गर्दी होती, आणि गर्दीच्या देखतच बोलावे लागले. "या परत घ्या. मला मधल्या ठिपक्यांची हवी. मधल्या ओळीत निदान पंधरा खुंट्या पाहिजेत."

दुकानदाराने सहा कोनांची पाटी काढून दिली. "पण शेठ, हिच्या ओळी धड नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होता."

"ओळी धड आहेत. मीच नीट बघितलं नव्हतं."

दुकानदाराने माल बदलून दिला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. कोणी हसले नाही, कोणी बोट दाखवले नाही. शेठ जरा खट्टूच झाले. एवढ्याशा गोष्टीला आपण जन्मभर भ्यालो, याचे त्यांना वाईट वाटले असावे.

त्या संध्याकाळी टेबलावर फूल उमलले. दुकानातून आणलेला चिमटा बाईंनी बाजूला ठेवला. "चिमट्याने का कुठे रांगोळी घालतात?" असे म्हणत त्यांनी मणी बोटांनीच बसवले. कांचन शेजारी बसून रंग विचारत होती, आणि दोघींचा एका पिवळ्या रंगावरून छान वादही झाला. इस्त्री शेठांनीच फिरवली, पण हुकूम बाईंचा होता. "दाबू नका. गोल गोल फिरवा. मण्यांची भोकं बारीक झाली की पुरे." गरम फूल वाकडे होऊ नये, म्हणून थंड होईपर्यंत त्यावर पितळी घंगाळ ठेवले गेले. शेठांच्या दुकानात घंगाळांना तोटा नव्हता.

लग्नात रुखवताच्या टेबलावर ते फूल ताटलीएवढेच दिसत होते. मांडवाच्या दारातून तर मुळीच दिसत नव्हते. विहीणबाईंनी ते उचलले आणि त्या म्हणाल्या, "सुरेख! हे आपण हॉलच्या भिंतीवर लावू."

"नाही हो आई," कांचन म्हणाली, "ही दाराची आहे. उंबऱ्यापाशीच राहील." निघताना सगळे सामान गाडीच्या मागे गेले. फूल तेवढे तिच्या मांडीवर होते.

गाडीपाशी नरहरशेठ नवऱ्या मुलाच्या काकांना समजावून सांगत होते, "पाटी घेताना लोक इथेच चुकतात, बघा. दिसली मोठी चौकोनी, की उचलली! अहो, आधी ठिपके बघायला नकोत का?"

वत्सलाबाई शेजारीच उभ्या होत्या. लोक म्हणजे कोण, हे त्यांनी विचारले नाही.

तात्पर्य: पाटीत बसावे म्हणून फुलाच्या पाकळ्या तोडू नयेत, फूल पाहूनच पाटी निवडावी. आणि निवड चुकलीच, तर ते इस्त्री फिरण्याआधी कबूल करावे.