केरबा शिंप्याची संमती

एका गावात एक भोळा शिंपी होता. फार शोधू नका, तो मीच. केरबा.

नवा फोन घेतला आणि पहिल्याच दिवशी मूळव्याधीचं औषध शोधलं. वेबसाइटने विचारलं, "आम्ही कुकीज ठेवू का?" इतक्या अदबीनं मला घरातसुद्धा कुणी विचारत नाही. म्हटलं, ठेवा की! मग तिने माझा पत्ता मागितला. दिला. ओळखीच्यांचे नंबर मागितले. तेही दिले.

संध्याकाळपर्यंत सगळ्या ओळखीच्यांना निरोप गेला : 'केरबा तुम्हाला मूळव्याध परिवारात बोलावत आहेत.' त्यात बार्शीचे शिवदासरावही होते. दुसऱ्याच दिवशी ते त्यांच्या मुलासाठी आमच्या सुवर्णाला बघायला येणार होते.

सुवर्णाने डोक्याला हात लावला. "बाबा, कुणी परवानगी मागितली की आधी नाही म्हणायचं!"

पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शिवदासराव बायको-मुलाला घेऊन दारात उभे राहिले. "येऊ का आत?"

"नाही."

ते हसले. मी नाही हसलो.

"निदान पाणी तरी मिळेल का?"

"नाही."

माझी बायको धावत आली आणि पाहुण्यांना आत घेऊन गेली. सुवर्णाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "बाबा, सरसकट नाही म्हणू नका हो! आधी विचारायचं, कशासाठी हवं, किती दिवस ठेवणार, आणखी कुणाला देणार? तो आपला कायद्याने हक्कच आहे."

हे मला पटलं. बाहेर येऊन बसलो. शिवदासराव म्हणाले, "केरबा, तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे. आम्हाला ती हवी."

"कशासाठी हवी?"

ते बायकोकडे बघायला लागले.

"किती दिवस ठेवणार?"

त्यांच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

"आणखी कुणाला देणार?"

दोघंही उठलेच. पण मुलगा, मकरंद, पोट धरून हसत होता. आतून सुवर्णाचंही हसू ऐकू आलं. तिथेच लग्न ठरलं.

जाताना मकरंद म्हणाला, "मामा, एक राहिलं. दिलेली संमती कधीही मागे घेता येते. कारणसुद्धा सांगावं लागत नाही."

लग्न छान झालं. पाठवणीची वेळ आली. सुवर्णा गाडीत बसली, काचेतून माझ्याकडे बघून रडायला लागली. मी गाडीपुढे आडवा झालो.

"संमती मागे घेतली!"

"अहो, पण का?" शिवदासराव ओरडले.

"कारण सांगावं लागत नाही."

सुवर्णा खाली उतरली. माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. "बाबा, लग्नाची संमती माझी होती. ती मी मागे घेत नाही. तुम्हाला फक्त तुमचं स्वतःचं दिलेलं मागे घेता येतं."

मी विचार केला. माझं स्वतःचं काय होतं? आठ दिवस खपून, हाताने काजं करून मी एक शेरवानी शिवली होती.

जावई बनियनवर बार्शीला गेले.